बारा जणांचं टेबल

लातुरात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी वीस-एकवीस वर्षं नोकरी केली. विमानाची तिकिटं काढणारे वेगळे होते, हॉटेलच्या खोल्या बघणारे वेगळे. माझ्याकडे फक्त जेवण होतं. नांदेडला माहेरी कुणी विचारलं की शमीम काय काम करते, तर अम्मी सांगायची, "लोगां बाहर मुलुक जाको कां बैठको खाना, वो इने लिखती." म्हणजे लोकांनी परदेशात कुठं बसून खायचं ते ही लिहिते. माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला स्वतःला कधी जमलं नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या पूर्वेकडच्या एका देशात मुलांसाठी बांधलेलं मोठं पार्क आहे. झुले, किल्ले, आगगाड्या आणि बाहुल्यांचे वेश घातलेली माणसं. त्या पार्कातल्या काही हॉटेलांत तुम्ही जेवत असताना या बाहुल्या टेबलापाशी येतात, मुलांशी हात मिळवतात, फोटो काढू देतात. सगळ्यांना तिथंच जेवायचं असतं. त्यामुळे ऐनवेळी गेलं तर बसायला जागा मिळत नाही. टेबल बरोबर दोन महिने आधी धरावं लागतं. त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजले की त्या तारखेचं बुकिंग उघडायचं. आपल्याकडे तेव्हा साडेसात. दहा मिनिटांत चांगल्या वेळा संपायच्या. लातुरात त्या काळी सकाळी सहा ते दहा लाईट नसायची, म्हणून मी आदल्या संध्याकाळी इन्व्हर्टर भरलाय की नाही ते बघूनच घरी जायची. फॉर्मवर प्रत्येकाचं नाव, वय, काय खातो, काय खात नाही, जन्मतारीख, सगळं भरायचं. तिकडं भाजीतसुद्धा मासळीचा रस घालतात. तो चालणार नाही हे तीनदा तीन तऱ्हांनी लिहायचं.

हदगावचे एक कापसाचे व्यापारी नातवाला घेऊन जाणार होते. कुठल्या दिवशी किती वाजता जेवणार, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "बाई, दोन महिन्यांनी मला भूक लागेल का न्हाई हे मी आज कसं सांगू?" तरीही मी त्यांचं टेबल धरलं. तिथं बाहुली जवळ आली आणि चार वर्षांचा नातू घाबरून टेबलाखाली जाऊन बसला. आजोबांनी त्याला टेबलाखालीच भरवलं. परत आल्यावर हे त्यांनी स्वतःच ऑफिसात येऊन सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो.

माझ्या नोकरीत हसण्यासारखं बरंच घडलं. पण या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा एकच गोष्ट पुढं आली, आणि ती हसण्याची नाही.

जेवणाऱ्यांची यादी लिहिण्याची सवय मला ऑफिसात नाही, भूकंपात लागली. लग्न होऊन मी लातुरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी भूकंप झाला. यांचं गोलाईच्या बाजाराजवळ घड्याळ दुरुस्तीचं दुकान. मोहल्ल्यातल्या लोकांनी औसा भागातल्या एका गावाशेजारी लंगर लावला. मला मराठी चांगलं लिहिता यायचं म्हणून मला तिथं नावं लिहायला बसवलं. घरात खाणारे किती, एवढंच विचारायचं होतं. माणसं सवयीनं सांगायची, सात. मग थांबायची. मग म्हणायची, दोन. आकडा विचारल्यावर वर बघायचं नाही, मान खाली घालून लिहायचं, हे मी तिथं शिकले. पुढं त्याचा मला फार उपयोग झाला. उपयोग म्हणू की काय म्हणू.

नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत लातूर ओळखू येईनासं झालं. जिथं तिथं क्लास. घरांची वसतिगृहं झाली, दुकानांच्या मेस झाल्या. अहमदपूर, उदगीर, हदगाव, परभणी, कुठून कुठून पोरं यायची आणि सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असायचं. आमच्याकडे येणारी घरंसुद्धा परीक्षेच्या वेळापत्रकावरच सहली ठरवायची.

त्या क्लासवाल्यांत एक सर होते. नाव लिहीत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्स शिकवायला सुरुवात केली आणि बघता बघता चार मजली इमारत उभी केली. एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते आमच्या मालकांकडे आले. आमचे मालक बिराजदार साहेब. सर म्हणाले, "यंदा माझे पहिले बारा विद्यार्थी परदेशी जाणार. पार्कात, त्या बाहुल्यांच्या हॉटेलात, एका टेबलावर बाराजण. तो फोटो मला पाहिजे."

सहल जुलैत. निकाल जूनमध्ये. आणि टेबल धरायचं मे महिन्यात. मी म्हटलं, "सर, निकालाआधी नावं कशी देणार?"

"मॅडम, मी पोरं ओळखतो. माझी नावं चुकत नाहीत." त्यांनी तिथंच खिशातून कागद काढला.

त्या बारांत नववं नाव उज्ज्वलाचं होतं. राहणार शिरूर अनंतपाळ. नावापुढं सरांनी पेनानं लिहिलं होतं, 'भूकंप'. मी विचारलं तर म्हणाले, "ढिगाऱ्यातून काढलेली पोरगी आहे. आई गेली. पेपरात कसं दिसेल ते बघा."

जेवणासाठी मी एकेकाला फोन केले. उज्ज्वला वसतिगृहात होती. मी सांगितलं की तुझी निवड झाली आहे, जेवणाचं लिहून घ्यायचं आहे.  ती म्हणाली, "मॅडम, अजून निकाल लागायचाय."

"तुमच्या सरांनीच नाव दिलंय."

"मग ठीकय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अंडं चालतं लिहा. पण बाबांला नका सांगू. मेसमधी खायला लागले मी."

मी लिहिलं. शाकाहारी, अंडं चालेल. जन्मतारीख एक जून. बारापैकी चौघांची तीच होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. पार्कवाल्यांचं उलट पत्र आलं की, चार पाहुण्यांची जन्मतारीख एकच दिसते, कृपया तपासून पाहावे. त्यांना काय सांगणार.

तिचे वडील माधवराव. गावातल्या शाळेत शिपाई होते. पासपोर्टच्या कागदांसाठी ते आमच्या ऑफिसात आले तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत आणखी एक पिशवी. जन्माचा दाखला घरासोबत गेलेला. त्याऐवजी शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा कागद, सगळं नीट लावून आणलेलं. फॉर्म मीच भरून देत होते. आईच्या नावापाशी मी शाळेच्या दाखल्यावरून 'सुमन' लिहायला लागले तसे ते म्हणाले, "मॅडम, सुमनबाई लिहा."

"दाखल्यावर नुसतं सुमन आहे, भाऊ. जसं आहे तसं ठेवू. फरक नको."

"गेली तवा ती बावीस वर्षांची हुती. आता असती तर चाळिशीला आली असती." ते फॉर्मकडेच बघत होते. "चाळीस वर्षांच्या बाईला नुसतं सुमन कोण म्हणतं? बाई लावा."

मी 'बाई' लावलं. त्यानं काहीच बिघडणार नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पासपोर्ट वेळेवर आला. व्हिसाही आला. तेराजणांचे आले, कारण सरांनी एक नाव जास्तीचं तयार ठेवायला सांगितलं होतं.

मे महिन्यात ठरल्या दिवशी साडेसातला मी टेबल धरलं. बाराजण, संध्याकाळी सहा. चौकात सरांचा मोठा फलक लागला. त्यावर उज्ज्वलाचा फोटो सगळ्यात वर. शिरूर अनंतपाळला शाळेत तिचा सत्कार झाला. माधवरावांनी फोन करून मला मुद्दाम सांगितलं की, हेडमास्तरांनी शिपायाला खुर्चीवर बसवलं.

निकाल लागला. उज्ज्वलाला मेडिकलला लागतात त्यापेक्षा थोडे कमी पडले. वाईट मार्क नव्हते. माझ्या घरात कुणाला तेवढे मिळाले असते तर मी पेढे वाटले असते. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "मॅडम, नऊ नंबर काढा. तेरावा आत घ्या."

मी म्हटलं, "सर, कागद तयार आहेत. टेबलाला मी तेरावी खुर्ची मागून बघते. तिचा सत्कार झालाय हो गावात."

"फोटोतली सगळी पोरं मेडिकलची असली पाहिजेत. कुणी विचारलं, हिला किती, तर काय सांगू?" मग थोड्या मवाळ आवाजात म्हणाले, "बापाला मार्कांचं नका सांगू. वाईट वाटेल, आणि उगाच बोभाटा होईल. पासपोर्ट-बिसपोर्टचं काहीतरी सांगा. तुम्हाला जमतं."

बिराजदार साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "शमीमबाई, दरवर्षीचं गिऱ्हाईक आहे. आपण निरोप्ये." 

मी फोनवर सांगणार होते. पण त्याच दुपारी माधवराव स्वतःच ऑफिसात आले. चाकं असलेली नवी बॅग घेऊन आले होते. विमानात एवढी चालते का, हे विचारायला. ती त्यांनी माझ्या टेबलाशेजारी उभी केली आणि बसले.

मी मान खाली घातली. समोर उज्ज्वलाची फाईल होती. "भाऊ," मी म्हटलं, "उज्ज्वलाचा व्हिसा आला नाही."

"का बरं?"

पुढचं सरांनी मला सांगितलेलं नव्हतं. ते माझं मीच शोधून काढलं. समोर फॉर्म उघडा होता आणि खोटं बोलायला काहीतरी धरायला लागतं. मी म्हटलं, "आईच्या नावात फरक निघाला. शाळेत सुमन, पासपोर्टवर सुमनबाई."

 ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं हुतं."

"हो."

"मीच म्हणलो, बाई लावा."

मी फाईल मिटली.

"अर्ज देऊन बघू का? कलेक्टर हापिसात आमच्या गावचा माणूस हाय."

"आता उशीर झाला, भाऊ."

"त्यांचा कागद आला आसंल ना? दावता का?"

"कागद येत नाही. नुसतं नाही म्हणून कळवतात."

"हाव," ते म्हणाले. उठले, बॅग उचलली. चाकं असूनही ती उचलूनच बाहेर नेली.

उज्ज्वलाचा व्हिसा लागलेला पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तो मी परत देऊ शकत नव्हते, कारण उघडला असता तर शिक्का दिसला असता. मी तो सरांच्या ऑफिसात पाठवून दिला. सहलीनंतर व्हिसावर 'रद्द'चा शिक्का मारून घेऊन त्यांनी तो घरी दिला असेल.

त्या दिवशी घरी मी जेवले नाही. यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. हे फार बोलणारे नव्हते. डोळ्याला लावलेलं भिंग काढून म्हणाले, "कल सुबह शिरूर की बस है. जाको बोलके आ जाओ."

मी गेले नाही. सकाळी साडेसातला निलंग्याच्या एका डॉक्टरांचं टेबल धरायचं होतं, असं मी स्वतःला कारण दिलं. खरं म्हणजे ते काम कुणीही केलं असतं.

सहल झाली. पार्कवाल्यांना मी आधीच कळवलं होतं की, पाहुणा क्रमांक नऊ बदलला आहे, अंडं चालणार नाही. त्यांनी आनंदानं बदलून दिलं. बारा पोरं, मधोमध मोठी बाहुली, सगळ्यांच्या डोक्यावर कागदी मुकुट. तो फोटो पुढं कितीतरी वर्षं सरांच्या इमारतीवर होता. मी त्या रस्त्यानं जायचं टाळायची, पण लातूर केवढं.

सरांनी दरवर्षी सहल काढली. दरवर्षी निकालाआधी नावं दिली. कधी एक कापलं, कधी दोन. दरवेळी कारण मी शोधलं. माझा हात बसत गेला. मालकांनी मला वेगळी केबिन दिली. माणसं म्हणायची, शमीम मॅडमनी टेबल धरलं की हललं नाही.

साधारण दोन वर्षांनी माधवराव आले. केस बरेच पिकलेले. पिशवीतली पिशवी तीच. त्यातून त्यांनी पासपोर्ट काढला. नवा. मी म्हटलं, "हे काय, भाऊ?"

"दुरुस्त करून आणला. दोनदा जावं लागलं हापिसात. परतिज्ञापत्र परत केलं. रेशनकार्डावर बी केलं." शेवटचं पान उघडून त्यांनी आईच्या नावावर बोट ठेवलं. "बघा. आता बाई न्हाई. नुसतं सुमन."

मी बघितलं.

"पोरीला पुढं कुठं आडायला नको. एकदा माझ्यामुळं गेलं, ते गेलं. आता बरोबर हाय ना, मॅडम?"

या वेळी मालक नव्हते, सर नव्हते, ऑफिसात कुणीच नव्हतं. माझ्यावर कुणाचाही दाब नव्हता. सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हटलं, "हो भाऊ. आता बरोबर आहे."

त्यांनी हात जोडले. मी त्यांना चहा मागवला. तो पिऊन ते गेले. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

यांचे डोळे अधू झाले, दुकान बंद केलं, मी नोकरी सोडली आणि आम्ही नांदेडला माहेरच्या मोहल्ल्यात राहायला आलो. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला साखर तपासायला सांगितली. दवाखान्याच्या गल्लीतल्या एका लॅबमध्ये गेले. पांढरा कोट घातलेल्या एका बाईनं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं लिहिता लिहिता वर बघितलं. "लातूरला ट्रॅव्हल्समधी होतात का?"

मी तिला ओळखलं नव्हतं. फलकावर तिच्या दोन वेण्या होत्या.

"मी उज्ज्वला. शिरूरची."

आत दुसरं कुणी नव्हतं. तिनं मला स्टुलावर बसवलं. मी वडिलांचं विचारलं. ती म्हणाली, "बाबा गेले. दोन वर्षं झाली." मग दंडाला रबर बांधत म्हणाली, "शेवटी शेवटी लई बडबडायचे. मला बघितलं की माफी मागायचे. माझ्यामुळं तुझी सहल गेली म्हणायचे."

मी तेव्हा सांगितलं. उशिरा, पण सगळं सांगितलं. व्हिसा आला होता. नावाचा काही प्रश्न नव्हता. सरांनी नाव कापलं आणि कारण मी शोधलं. हे बोलताना मी तिच्याकडे बघत होते. एवढं तरी मी केलं.

तिचा चेहरा बदलला नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सरांनी निकालाच्या दिवशीच बोलवून सांगितलं. मार्क कमी पडले, तुझं नाव काढतोय. मी घरी आले ते बाबांला सांगायलाच. तर बाबा दारातच बॅग घेऊन बसलेले. म्हणले, पोरी, माझ्या हातून चूक झाली." तिनं शिरेवरून बोट फिरवलं. "मला बरं वाटलं, मॅडम. खरंच सांगते. माझ्या मार्कांमुळं न्हाई, त्यांच्यामुळं गेली, हे बरं वाटलं. म्हणलं, दोन दिवसांनी सांगू."

"मग?"

"मग रोज उद्या, रोज उद्या. एक दिवस ते नवा पासपोर्ट घेऊन आले. आईच्या नावातलं बाई काढून आणलं त्यांनी." तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला. "त्याच्यानंतर कसं सांगणार?"

माझी मान खाली गेली. 

"तुम्ही दोनदा खोटं बोलला असाल," ती म्हणाली. "मी त्यांच्यासोबत एका घरात राहिले." मग तिनं सुईचं टोपण काढलं. "मूठ आवळा."

मी मूठ आवळली. तिचा हात चांगला होता. दुखलं नाही. रक्ताची नळी भरली, तिनं त्यावर माझं नाव लिहिलं, कापसाचा बोळा दाबून धरायला दिला आणि म्हणाली, "रिपोर्ट संध्याकाळी सहाला मिळेल. तुम्ही नका येऊ, कुणालातरी पाठवा."

मला वाटलं, ती वयाकडे बघून म्हणाली. सहाला मी स्वतःच गेले. ती आत होती. काचेतून दिसत होती. तिनं मला बघितलं आणि रिपोर्ट दुसऱ्या मुलीच्या हाती बाहेर पाठवला.